आयटीतली पहिली नोकरी : पदवी नसेल तर दार कुठले ठोठावायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की पुण्या-नाशकापासून तालुक्याच्या गावापर्यंत एकच जाहिरात दिसू लागते. पदवी नको, सहा महिन्यांचा फुल स्टॅक किंवा डेटा सायन्सचा कोर्स करा आणि शंभर टक्के प्लेसमेंट मिळवा. फी लाख-दीड लाख, वर हप्त्यांची सोय. पदवी नसलेल्या मुलामुलींना या क्षेत्रात खरोखर जागा आहे, हे आम्ही खात्रीने सांगतो. पण ती जागा या जाहिराती दाखवतात तिथे नाही. ती कुठे आहे आणि तिथपर्यंत कसे पोहोचायचे, हे नीट लिहिलेले कुठे सापडत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी हप्त्यांविषयी. क्लासचे हप्ते म्हणजे बहुतेक वेळा वित्तसंस्थेचे कर्ज असते. मुलाच्या किंवा वडिलांच्या नावावर ते मंजूर होते आणि सगळी रक्कम क्लासच्या खात्यात एकदम जमा होते. पुढे शिक्षक बदलले किंवा क्लास बंद पडला, तरी हप्ता थांबत नाही, आणि तो चुकला की सिबिल बिघडते ते कुटुंबाचे. सही करण्याआधी कर्जाचे 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागावे. व्याजदर आणि एकूण परतफेड त्यात लिहिलेली असते व ते देणे बंधनकारक आहे. करारात 'प्लेसमेंट' असा शब्द आहे की 'प्लेसमेंट असिस्टन्स', तेही वाचावे. दुसऱ्याचा अर्थ चार ठिकाणी बायोडेटा पाठवून देणे, एवढाच निघतो.

प्रोग्रामरच्या पहिल्या नोकरीत पदवी आडवी येते ती मुलगा हुशार नसतो म्हणून नव्हे. मोठ्या कंपन्यांकडे बी.ई., एम.सी.ए. झालेल्यांची रांग कॅम्पसमधूनच येते. ऑनलाइन अर्जात पदवीचा रकाना सक्तीचा असतो आणि दहावी-बारावी-पदवीला सलग साठ टक्क्यांची चाळणी असते. माणसाच्या नजरेला पडण्याआधीच अर्ज गळतो. अपवाद आहेत. बारावीनंतर घेऊन, शिकवून नोकरी देण्याचा एचसीएलचा टेकबी हा कार्यक्रम २०१७पासून चालत आला आहे. तिथे शिरताना प्रशिक्षणाची फी आणि सेवेचा करार या दोन्ही गोष्टी नीट वाचून घ्याव्यात.

पदवीवाचून उघडणारे दार आहे सपोर्ट आणि नेटवर्कचे. डेस्कटॉप सपोर्ट, फील्ड इंजिनिअर, सर्व्हिस डेस्क, एल-वन (पहिल्या पायरीचे) नेटवर्क अशा नावांनी या जागा निघतात. त्या फक्त हिंजवडीत नसतात. चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड, गोकुळ शिरगाव, बुटीबोरी किंवा गोव्यातल्या वेर्ण्याच्या प्रत्येक मध्यम कारखान्यात सर्व्हरची, म्हणजे सगळ्यांची खाती आणि फायली सांभाळणाऱ्या मुख्य संगणकाची, खोली आहे. साखर कारखाने, सहकारी बँकांच्या शाखा, रुग्णालये, महाविद्यालये, गावोगावचे ब्रॉडबँडवाले, सगळ्यांनाच यंत्रणा चालू ठेवणारा माणूस लागतो. हे काम बहुधा एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे कंत्राट, घेणाऱ्या छोट्या कंपन्या आणि सिस्टिम इंटिग्रेटर (यंत्रणा जोडून देणारे) करतात. त्यांची मुलाखत पंधरा मिनिटांची असते. समोर बंद पडलेला संगणक ठेवतात आणि काय करशील, ते विचारतात. तिथे कौशल्य जागेवर दाखवता येते, म्हणून प्रमाणपत्राचे वजन कमी होते.

एमएस-सीआयटीने हे काम जमत नाही. तो संगणक वापरायला शिकवणारा कोर्स आहे, संगणक सांभाळायला शिकवणारा नव्हे. आयटीआयचा 'कोपा', म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट, हा दहावीनंतरचा एक वर्षाचा ट्रेड त्यापेक्षा उपयोगी. सरकारी आयटीआयमध्ये त्याची फी खासगी क्लासच्या तुलनेत नगण्य असते आणि पुढे शिकाऊ उमेदवारीचा रस्ता खुला राहतो. पण कोपा झाला तरी खालची तयारी घरीच करावी लागते.

तिला एक यंत्र लागते. नवा लॅपटॉप नको. कंपन्यांतून निघालेला जुना थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड चालतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास अशी यंत्रे मिळतात. प्रोसेसर आय-फाइव्ह, एसएसडी ५१२ जीबी आणि रॅम १६ जीबी असावी. रॅमवर तडजोड करू नये. या एकाच लॅपटॉपमध्ये सॉफ्टवेअरने दोन आभासी संगणक चालवायचे आहेत : एक सर्व्हर आणि दुसरा त्याला जोडलेला क्लायंट. आभासी सर्व्हरला ४ जीबी, आभासी क्लायंटला ४ जीबी दिल्यावर मूळ यंत्राला ८ उरतात. आठ जीबीच्या लॅपटॉपवर हा प्रयोग इतका रखडतो की मुले आठवड्यात नाद सोडतात. घेताना बॅटरी, बिजागरी आणि बायोसला (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना, हे दुकानातच तपासावे. बायोस लॉक असलेले यंत्र स्वस्त मिळते आणि नंतर डोके धरायची वेळ येते.

त्यावर आभासी संगणक चालवणारा व्हर्च्युअलबॉक्स टाकावा, तो फुकट आहे. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस आणि विंडोज ११ एंटरप्राइजची ९० दिवस मोफत वापरता येते. चोरीच्या प्रती आणि क्रॅक वापरण्याची गरजच नाही. त्यातून व्हायरस शिरतो तो वेगळाच. मग एक डोमेन, म्हणजे सगळे वापरकर्ते आणि संगणक सर्व्हरवरून एकत्र सांभाळण्याची व्यवस्था, उभे करावे, त्यात क्लायंट जोडावा, वीस खोटे वापरकर्ते तयार करावेत, एकाचा पासवर्ड विसरवावा, एकाला एका फोल्डरचीच परवानगी द्यावी, ग्रुप पॉलिसीने (सर्व्हरवरून एकदम लागू होणाऱ्या नियमांनी) सगळ्यांचा यूएसबी बंद करावा. पहिल्या नोकरीत निम्मा दिवस हेच चालते.

हे करताना ठरावीक ठिकाणी अडते, आणि शिकणे होते ते तिथेच. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ६४-बिटचा पर्यायच दिसत नसेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असते. दोन आभासी यंत्रे एकमेकांना पिंग करत (हाक देऊन उत्तर मिळवत) नसतील तर नेटवर्क मूळच्या 'नॅट' प्रकारावर राहिलेले असते. त्यात प्रत्येक यंत्र आपापल्या कोठडीत असते. 'नॅट नेटवर्क' किंवा 'इंटर्नल नेटवर्क' निवडले की ती भेटतात. क्लायंट डोमेनला जॉइन होत नसेल तर दहात नऊ वेळा दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा, असतो. क्लायंटचा डीएनएस घरच्या राउटरकडे बोट दाखवत असतो, आणि राउटरला तुमचे डोमेन ठाऊक नसते. तिथे सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकावा, आणि सर्व्हरचा स्वतःचा आयपी स्थिर ठेवावा. लॉगिन अचानक नाकारले जाऊ लागले तर घड्याळे पाहावीत. सर्व्हर आणि क्लायंटच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की कर्बेरॉस ही लॉगिन तपासणारी पद्धत ओळख पटवून घेत नाही. आणि महिनाभर जुन्या स्नॅपशॉटवर (साठवून ठेवलेल्या अवस्थेवर) क्लायंट परत नेला तर 'ट्रस्ट रिलेशनशिप' तुटल्याचा संदेश येतो. कारण डोमेनमधल्या संगणकाचाही पासवर्ड असतो आणि तो दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो. हे पाच अडथळे ज्याने स्वतः ओलांडले, त्याची मुलाखत अर्धी झाली.

नेटवर्कसाठी सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवून पॅकेट ट्रेसर हा आभासी नेटवर्क जोडून पाहण्याचा प्रोग्राम फुकट घ्यावा. दोन स्विच, एक राउटर, व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले वेगळे गट) १० आणि २०, एवढ्याने सुरुवात करावी. राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात, 'नो शटडाउन' दिल्यावाचून उठत नाहीत. दोन स्विचमधली जोडणी ट्रंक (सगळे व्हीलॅन वाहून नेणारी) केली नाही तर दोन्हीकडचे संगणक आपापल्या स्विचपुरते बोलतात आणि पलीकडे जात नाहीत. सगळे जुळवून सेव्ह न करता यंत्र बंद केले की पुन्हा शून्यापासून. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कच्या पत्त्यांचे लहान गट पाडणे, कागदावर करावे. /२४ या आकाराच्या गटामध्ये वापरण्याजोगे २५४ पत्ते, /२६ मध्ये ६२, /२७ मध्ये ३० हे बोटांवर यावे, आणि कॅल्क्युलेटरशिवाय यावे, कारण मुलाखतीत कॅल्क्युलेटर देत नाहीत.

केबलचे काम हलके समजून मुले टाळतात. आमच्या मते पहिली नोकरी मिळवून देण्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. क्रिम्पिंग टूल (तारांवर कनेक्टर दाबून बसवणारे), टेस्टर, दहा मीटर कॅट-सिक्स केबल आणि पंचवीस-तीस कनेक्टर एवढे साहित्य पुरते. आठ तारांचा क्रम असा : नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. नवखा माणूस जोड्या शेजारीशेजारी लावून मोकळा होतो, दोन्ही टोकांना तशाच. टेस्टरचे आठही दिवे लागतात आणि तरी नेटवर्क रडत चालते. स्वस्त टेस्टर फक्त तार सलग आहे का ते पाहतो. तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर एकाच पिळाची जोडी आली आहे का, हे त्याला कळत नाही, आणि पिळ मोडला की एका जोडीचा गोंधळ दुसरीत शिरतो. पिळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये, बाहेरचे आवरण कनेक्टरच्या आत दाबले जावे, आणि स्विचपासून संगणकापर्यंतचे एकूण अंतर १०० मीटरच्या आत राहावे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमची सीसीए केबल निम्म्या भावात मिळते. ती लांबवर नेऊन तिच्यावरून कॅमेऱ्याला वीज दिली की विजेचा दाब कमी होतो आणि कॅमेरा रात्री, इन्फ्रारेड दिवे लागले की, बंद-चालू होऊ लागतो. ग्राहक कॅमेऱ्याला दोष देतो. चूक केबलची, हे ओळखणाऱ्या मुलाला मालक सोडत नाही.

आता मुलाखतीतला हमखास प्रश्न : 'नेट चालत नाही, काय पाहशील?' याचे उत्तर 'राउटर रीस्टार्ट करीन' हे नव्हे. आधी पोर्टचा दिवा. मग आयपीकॉन्फिग ही संगणकाचा पत्ता दाखवणारी आज्ञा. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून पत्ता मिळालेलाच नाही, म्हणजे केबल, स्विचचे पोर्ट, व्हीलॅन किंवा डीएचसीपी सेवा बघायची. पत्ता ठीक असेल तर गेटवेला, म्हणजे नेटवर्कमधून बाहेर जाण्याच्या दाराला, पिंग. गेटवे उत्तर देतो पण ८.८.८.८ हा इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता देत नाही, तर अडचण बाहेरच्या जोडणीत. ८.८.८.८ उत्तर देते पण संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर डीएनएस. शेजारच्या टेबलावर चालते का, हा प्रश्न आधी विचारला तर अर्धा वेळ वाचतो. असेच प्रिंटरचे. छपाई रांगेत अडकली तर स्पूलर ही रांग सांभाळणारी सेवा थांबवून, त्याच्या फोल्डरमधल्या फायली काढून, सेवा पुन्हा सुरू करायची. पासवर्ड बदलल्यानंतर खाते वारंवार लॉक होत असेल तर जुना पासवर्ड फोनच्या मेलमध्ये किंवा विंडोजच्या क्रेडेन्शिअल मॅनेजरमध्ये (साठवलेल्या पासवर्डांच्या यादीत) दडलेला असतो. आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) असलेल्या लॅपटॉपच्या बायोसला हात लावण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी आहे का, ते पाहायचे. नाहीतर वापरकर्त्याचा सगळा डेटा कुलपात जातो.

लिनक्सही थोडे हवे. रॉकी किंवा अल्मा लिनक्स २ जीबीच्या आभासी यंत्रात चालते. कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये चुकीची ओळ लिहून यंत्र रीबूट केले की ते इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसते, म्हणून आधी 'माउंट -ए' देऊन तपासायचे. ही चूक घरी एकदा जाणूनबुजून करून दुरुस्त करावी.

लिहिण्याकडे मात्र कोणीच लक्ष देत नाही. या कामात प्रत्येक तक्रारीचे तिकीट असते आणि ते बंद करताना काय केले ते लिहावे लागते. 'प्रिंटर चालत नव्हता, आता चालतो' या नोंदीचा कुणाला उपयोग नाही. 'राउटर बंद-चालू झाल्यावर अकाउंट्सच्या प्रिंटरचा आयपी बदलला. संगणकांतील पोर्ट जुन्या आयपीवर होता. डीएचसीपीत पत्ता राखून ठेवला. तीन संगणकांवरून छापून पाहिले' अशी नोंद करणाऱ्याला वरच्या कामावर घेतात. इंग्रजी हवे ते एवढेच. भाषणाचे इंग्रजी लागत नाही, पण चार ओळी चूक न करता लिहिता याव्यात आणि फोनवर शांतपणे विचारता यावे. घरच्या लॅबमधली प्रत्येक अडचण अशा चार ओळींत वहीत उतरवत गेले की तीच वही मुलाखतीत दाखवायला होते.

प्रमाणपत्रे नोकरीनंतर घ्यावीत, आधी नव्हे. सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्कच्या परीक्षेला पदवीची अट नाही, पण फी ३०० डॉलर आहे, कर धरून तीस हजारांच्या आसपास जाते आणि प्रमाणपत्र तीनच वर्षे टिकते. पहिल्या पगारातून वर्षभर साठवून ती द्यावी. रेड हॅटची आरएचसीएसए ही लिनक्सची परीक्षा पूर्ण प्रात्यक्षिक असते, म्हणून जाणकार तिला मान देतात. फुटलेल्या प्रश्नांचे 'डंप' पाठ करून पास झालेल्याला मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ओळखतात, शिवाय परीक्षा घेणाऱ्या कंपनीने पकडले तर प्रमाणपत्र रद्द होते.

शिकाऊ उमेदवारीचा रस्ता मुलांना ठाऊक नसतो आणि मालकांना तो नकोसा असतो. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणे कायद्याने बंधनकारक आहे. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, स्वतः उचलते. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदणी करून आपल्या जिल्ह्यातल्या आयटीच्या जागा शोधाव्यात आणि करार पोर्टलवर नोंदवला आहे का, ते पाहावे. नोंद नसेल तर ते शिकाऊपण नव्हे, स्वस्तातली मजुरी आहे. मुलगा सर्व्हर रूमऐवजी वर्षभर डेटा एन्ट्रीला बसवला असेल, तर त्या वर्षाचा अनुभव म्हणून काही उपयोग नाही. दोन महिन्यांत काम बदलून मागावे.

पहिला पगार फारसा नसतो. पुण्यासारख्या शहरातही तो पंधरा हजारांच्या मागेपुढेच असतो आणि फील्डच्या जागेला स्वतःची दुचाकी लागते. पेट्रोलचा भत्ता पगारात धरला आहे की वेगळा, हे रुजू होण्याआधी लेखी घ्यावे. भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का आणि यूएएन हा पीएफ खात्याचा क्रमांक मिळाला का, हेही पाहावे. अनुभवाचा सर्वांत पक्का पुरावा तोच. याच कारणाने विकत मिळणारे बनावट अनुभवपत्र घेऊ नये. पडताळणीत पीएफच्या नोंदीतली नोकऱ्यांची यादी पाहतात, आणि खोटे सापडले की रुजू झालेल्यालाही काढतात. मूळ गुणपत्रिका कुणाच्याही ताब्यात देऊ नयेत. 'लॅपटॉपची अनामत', 'ट्रेनिंग चार्ज' म्हणून नोकरीआधी पैसे मागणारा माणूस नोकरी देणारा नसतोच. पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

मुलींना फील्डच्या जागा सरसकट नाकारल्या जातात. रात्रपाळी नको, असे कारण पुढे केले जाते. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार संमती असेल आणि सुरक्षा व वाहतुकीची सोय असेल तर स्त्रियांना रात्री साडेनऊनंतरही काम करता येते. ती सोय करणे मालकाचे काम आहे. रुग्णालये आणि महाविद्यालयांतल्या अंतर्गत आयटी विभागांत दिवसपाळीच्या जागा असतात, तिथेही मुलींनी आवर्जून अर्ज करावेत.

पदवीचे दार कायमचे लावून घेऊ नये, असेही आम्ही तितक्याच आग्रहाने सांगू. सपोर्टमधून सिस्टिम किंवा नेटवर्क ॲडमिनपर्यंत कामाच्या जोरावर जाता येते, पण मोठ्या कंपनीत व्यवस्थापकाच्या पदाशी आणि परदेशाच्या व्हिसाशी पदवी पुन्हा आडवी येते. अमेरिकेच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव लागतो, आणि तिथे शिक्षणाच्या एका वर्षाऐवजी तीन वर्षांचा अनुभव मोजतात. म्हणजे चार वर्षांच्या पदवीऐवजी बारा वर्षे. नोकरी लागली की नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात किंवा इग्नूत नाव घालावे.

शेवटी दोन मागण्या. औद्योगिक वसाहतींतल्या उद्योजक संघटनांनी आपल्या सभासदांच्या एल-वनच्या जाहिरातींतून 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' ही ओळ काढायला लावावी. पासवर्ड रीसेट करायला आणि केबल ओढायला बी.ए.ची पदवी कशाला लागते, याचे उत्तर एकाही जाहिरातीत नसते. आणि आपल्या वृत्तपत्राने 'शंभर टक्के प्लेसमेंट'ची जाहिरात घेताना त्या क्लासकडून तीन आकडे जाहिरातीतच छापून घ्यावेत : मागच्या वर्षी किती मुलांनी फी भरली, किती जणांना नोकरी लागली, आणि त्यांतल्या किती जणांचा पीएफ सुरू झाला.

आपले,
संगणक व नेटवर्क देखभालीच्या व्यवसायातील काही वाचक, पुणे